आजोबांच्या बाटलीतलं औषध नातवाला कधी?

बंगळुरूच्या जे. पी. नगरात पावसाळ्याच्या शेवटी पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. सकाळी शाळेची बस गाठताना ऊन, दुपारी परतताना झिमझिम आणि रात्री अकराला आतल्या खोलीतून खोकल्याची पहिली उबळ. पुण्या-सांगलीहून नातवंडांसाठी येऊन राहिलेली आजी अशा वेळी आजोबांच्या औषधांच्या डब्यातली बाटली काढते आणि विचारते, "अगं, हा आता मोठा झाला की. यांचं औषध अर्धं झाकण दिलं तर चालेल ना?"

आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि मी झोपेतच "द्या" म्हणाले. सकाळी तो उठेना. हाक मारली की डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा. डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या: औषधात काय होतं, किती मिलिग्रॅम गेलं आणि किती वाजता. तिन्हीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुपारपर्यंत तो ठीक झाला. आईंनी, म्हणजे मुलाच्या आजीनं, त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. चूक माझी होती, त्यांची नव्हती. त्यांनी विचारलं होतं, आणि विचारल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. ते करायचं कसं, ते पुढे लिहिते.

आधी आजींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. दुकानात सहज मिळणाऱ्या बहुतेक खोकल्याच्या औषधांवर मोठ्यांचं माप "१२ वर्षं व त्यापुढे" असं छापलेलं असतं. म्हणजे बारा पूर्ण झाल्यावर. अकरा वर्षं दहा महिन्यांचं उंच मूलही अजून लहान मुलांच्याच रकान्यात. काही औषधांना मात्र बाराही पुरत नाहीत, त्यांच्याविषयी पुढे सांगते. आणि पाच वर्षांच्या आत प्रश्न मापाचा नसतोच. तिथे ही औषधं द्यायचीच नाहीत, असं धरून चालायचं.

पहिली पायरी: खोकला ऐका, बाटली नंतर

सर्दीचा खोकला औषधानं बरा होत नाही, तो वेळानं बरा होतो. दहा दिवसांत साधारण निम्मी मुलं खोकायची थांबतात, आणि दहांतल्या नऊ मुलांना पूर्ण थांबायला पंचवीस दिवस लागू शकतात. हा आकडा मला आधी माहीत असता तर चौथ्या दिवशी मी बाटली शोधली नसती.

तर मूल झोपलेलं किंवा शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास झाले तर तो साधा खोकला नाही. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, श्वास घेताना शिट्टी किंवा घुरघुर ऐकू येतेय, ओठ निळसर दिसताहेत, मूल पाणीही पीत नाहीये, यांतलं एक जरी असलं तरी ही कृती इथेच सोडा आणि दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर श्वास मोजत बसायचीही गरज नाही, निघा.

यांतलं काही नसेल, मूल खेळतंय, जेवतंय आणि फक्त रात्री खोकतंय, तर पहिलं औषध स्वयंपाकघरात आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते रुजले तर बाळ लुळं पडतं. बारशाला किंवा पहिल्या महिन्यात मध चाटवायची पद्धत ज्यांच्या घरी आहे, त्यांनी हे आजींना प्रेमानं पण स्पष्ट सांगावं. बाकी कोमट पाणी, आल्याचा पातळ चहा, नाक चोंदलं असेल तर सलाईनचे थेंब.

वाफारा मात्र नको. पातेल्यातलं उकळतं पाणी आणि पांघरुणाखाली हलणारं मूल, यातून भाजण्याचा धोका वाफेच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवत असाल तर तीही काढा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात आणि खडीसाखरेसारखी दिसणारी वडी तोंडात घालायला त्याला क्षणही लागत नाही.

दुसरी पायरी: वयाची चाळण

दोन वर्षांच्या आत खोकल्याचं किंवा सर्दीचं कोणतंही तयार औषध नाही. दोन ते पाच वर्षांत सहसा नाही, आणि कधी द्यायचंच झालं तर मुलाला तपासलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. ३ ऑक्टोबर २०२५ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं हेच सांगितलं आणि त्याच महिन्यात कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानंही आपल्या राज्यात तशाच सूचना दिल्या. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला लावला होता.

२०२५चा तो ऑक्टोबर मराठी माणसाला विसरता येणार नाही. छिंदवाडा जिल्ह्यातलं परासिया हे नागपूरच्या पलीकडचं गाव. छिंदवाडा आणि पांढुर्णा या पट्ट्यात कितीतरी घरांत मराठी बोलली जाते आणि दुखणं वाढलं की माणसं नागपूरच गाठतात. तिथल्या लहान मुलांना साध्या सर्दी-तापावर 'कोल्ड्रिफ' नावाचं औषध दिलं गेलं. काही दिवसांत लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. नागपूरच्या रुग्णालयांत आणलेल्यांपैकी अनेक मुलं परत गेली नाहीत. वीसहून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूच्या औषध प्रशासनानं कांचीपुरमच्या कारखान्यातली एसआर-१३ ही बॅच तपासली, तेव्हा तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. चालू शकतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. हेच विष १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेलं होतं, १४ माणसं गेली आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता.

परासियाच्या आईबापांनी माप चुकवलं नव्हतं. बाटलीतच विष होतं, आणि ते गोड असतं, त्याला वास नसतो, घरात ते ओळखता येत नाही. मग मापाच्या कृतीत ही गोष्ट का सांगते? कारण ज्या वयाला त्या औषधाचा फारसा उपयोगच नाही, त्या वयात बाटली न उघडणं एवढं आपल्या हातात असतं.

सहा ते बारा हा मधला टप्पा. इथे औषध देता येतं, पण लहान मुलांच्या रकान्यातलं आणि डॉक्टर किंवा फार्मसिस्टशी बोलून. "मोठ्यांच्या निम्मं" हा हिशेब काही औषधांना योगायोगानं जुळतो आणि काहींना मुळीच जुळत नाही. या औषधांची मापं मुळात मोठ्या माणसांवर ठरली, मुलांची मापं बराच काळ त्यांचे भाग पाडून काढली गेली. लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते, गुंगी आणणारं औषध त्याच्या श्वासावर लवकर परिणाम करतं, आणि यकृत-मूत्रपिंडांचा वेग प्रत्येक वयात वेगळा असतो. बाराच्या आसपास हे सगळं मोठ्यांच्या जवळ येतं, म्हणून ती रेघ तिथे आहे.

तिसरी पायरी: बाटलीचं मागचं लेबल

पुढचं नाव झाका आणि मागचं वाचा. लेबल बारीक असतं, फोनवर फोटो काढून मोठं करा. आपल्याला चार गोष्टी हव्या आहेत: औषधांची नावं, "प्रत्येक ५ मिलीत" किती मिलिग्रॅम, बॅच क्रमांक आणि मुदत.

एकाच नावाच्या बाटलीमागे लागलेली अक्षरं, डी, एलएस, प्लस, ज्युनियर, ही वेगवेगळी औषधं असतात. डी असेल तिथे बहुतेक वेळा कोरडा खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, एलएस असेल तिथे बहुतेक वेळा श्वासनलिका मोकळी करणारं लेवोसाल्ब्युटामॉल. या दुसऱ्यानं मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. पण अक्षरांवर विसंबू नका, ती कंपनीची मर्जी असते. मागे छापलेलं नाव खरं.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं उदाहरण घेऊ, कारण आजोबांच्या बाटलीत सर्वांत जास्त तेच सापडतं. बारा वर्षांपुढे एका वेळी १० ते २० मिलिग्रॅम दर चार तासांनी, दिवसभरात जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. सहा ते बारा वर्षांत एका वेळी ५ ते १० आणि दिवसाला जास्तीत जास्त ६०. आता समजा बाटलीवर लिहिलंय, प्रत्येक ५ मिलीत १० मिलिग्रॅम. मग नऊ वर्षांच्या मुलाची कमाल मात्रा झाली ५ मिली, आणि आजोबा घेतात त्या १० मिलीत झाले २०. दुसऱ्या बाटलीत ५ मिलीत ५च मिलिग्रॅम असेल तर सगळा हिशेब बदलला. म्हणून "अर्धं झाकण" हे माप कुठल्याच बाटलीला लागू करता येत नाही.

हा आकडा एकट्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा. त्याच बाटलीत क्लोरफेनिरामिन असेल तर त्याची सहा ते बारा वर्षांची मात्रा २ मिलिग्रॅम आणि मोठ्यांची ४, चार-सहा तासांनी. एका औषधाचं माप बसलं आणि दुसऱ्याचं ओलांडलं असं मिश्रणात सहज होतं. आमच्या घरी मुलाला गुंगी आली ती बहुधा याच दुसऱ्या औषधामुळे. शिवाय एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ पातळ करणारं अशी दोन्ही असली, तर कफ सुटणार आणि बाहेर मात्र येणार नाही. ओल्या खोकल्याला दाबणारं औषध देऊच नये.

आता बारा पुरत नाहीत ती औषधं. लेबलवर कोडीन दिसलं की बाटली खाली ठेवा. यकृत कोडीनचं मॉर्फिन करतं, आणि काही माणसांत हे इतक्या झपाट्यानं होतं की मुलाचा श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७मध्ये बाराच्या आत ते वर्ज्य केलं आणि २०१८मध्ये अशी खोकल्याची औषधं अठराच्या आतल्या कुणालाच नकोत असं ठरवलं. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटली असली तरी त्याला हे चालत नाही. तापासाठी ॲस्पिरिनही सोळाच्या आत स्वतःहून द्यायची नाही.

पॅरासिटामॉल वजनावर चालतं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार-सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ४० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची गोळी बसते, २८ किलोच्या बारा वर्षांच्या मुलीला ती जास्त होते. वय बारा झालं तरी मूल अंगानं किरकोळ असेल तर डॉक्टरांना विचारा, असं मी म्हणते ते यासाठी. आणि सर्दीच्या बाटलीत पॅरासिटामॉल आधीच असेल तर वरून तापाचं औषध दिलं की ते दोनदा गेलं. दोन बाटल्यांची मागची लेबलं शेजारी ठेवून एकच नाव दोन्हीकडे आहे का, ते बोट ठेवून पाहा.

बाळाचे थेंब म्हणजे पातळ औषध, असा समज घरोघरी आहे. आहे ते उलट. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५, आणि जास्त ताकदीच्या सिरपच्या पाच मिलीत २५०. थेंबांची बाटली चमच्यानं पाजली तर चौपट औषध जातं.

चौथी पायरी: दुकानात काय विचारायचं

जे. पी. नगरच्या कुठल्याही फेजमध्ये कोपऱ्यावर मेडिकल आहे आणि बहुतेक ठिकाणी हिंदी चालतं. पण नव्यानं आलेल्या आजी-आजोबांना चार कन्नड शब्द दिले की ते निर्धास्त होतात. खोकला म्हणजे केम्मु. वजन म्हणजे तूक. "मक्कळिगा, दोड्डवरिगा?" म्हणजे मुलांसाठी की मोठ्यांसाठी. दुकानदार "एष्टु वर्ष?" म्हणाला तर वय विचारतोय. वयासोबत तूकही आपणहून सांगा. आपल्याकडे चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा वेगळा कायदेशीर वर्ग नाही. म्हणून काउंटरवरून सहज मिळालं म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढू नका. गल्ल्यावरच्या मुलाला न विचारता फार्मसिस्ट कोण ते विचारून त्यांच्याशी बोला.

बिल घ्या आणि त्यावर बॅच क्रमांक आहे ना ते पाहा. परासियाच्या प्रकरणात सगळा माग बॅचवरून लागला. बाटली संपेपर्यंत बिल आणि लेबलचा फोटो जपा.

पाचवी पायरी: माप

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. एका घरातल्या दोन चहाच्या चमच्यांत सारखं औषध मावत नाही. औषधाचा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५, या दोघांत गल्लत झाली की माप तिप्पट. सुई नसलेली तोंडात द्यायची सिरिंज कुठल्याही मेडिकलमध्ये थोड्या पैशांत मिळते. ती नसेल तर बाटलीवरचं मापाचं टोपण सपाट ओट्यावर ठेवा, खाली वाका आणि डोळे रेघेच्या पातळीत आणून ओता. हातात धरून ओतलं तर हमखास चुकतं.

बाटली आधी हलवा. मूल बसलेलं असू दे. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडा, घशाकडे पिचकारी मारू नका. झोपलेल्या मुलाला उठवून खोकल्याचं औषध देऊ नका, झोप लागली म्हणजे खोकल्यानं आपणहून सुट्टी घेतली आहे. ओकून टाकलं तर लगेच दुसरं माप नको. किती गेलं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा पुढच्या वेळेपर्यंत थांबा किंवा डॉक्टरांना फोन करा.

सहावी पायरी: दिल्यानंतर

पहिल्या मापानंतर दोन तास मुलाकडे लक्ष ठेवा. थोडी झोप येणं समजू शकतं. हाक मारून जागं न होणं, तोल जाणं, बरळणं, उगाच चिडणं-नाचणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणं, श्वास मंद होणं, हे औषध जास्त झाल्याचं लक्षण. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठपाणी पाजू नका. १०८ला फोन करा किंवा निघा, आणि बाटली सोबत घ्या. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८००-११६-११७ या नि:शुल्क क्रमांकावर माहिती देतं. मुलांचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे निम्हान्सजवळची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था. जे. पी. नगरहून ते लांब नाही, पण संध्याकाळी सारक्कीच्या सिग्नलला आणि बन्नेरघट्टा रस्त्याला किती वेळ जातो ते आपण रोज पाहतो. मूल गुंगीत असेल तर सर्वांत जवळचं, रात्री उघडं असणारं रुग्णालय कोणतं, ते आजच ठरवून ठेवा.

लघवीकडेही लक्ष द्या, ही सवय परासियानं लावली. कुठलंही औषध चालू असताना मुलानं सहा-आठ तास लघवी केली नाही, उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली, तर ताप उतरलाय म्हणून थांबू नका.

आमच्या फ्रिजवर एक कागद असतो. मुलाचा खोकला सुरू झाला की नवा लावतो, कारण आम्ही दोघं कामावर असताना औषध देणारे हात आईंचे असतात आणि "मघाशी दिलं का?" या प्रश्नावर दोघींनी एकेकदा दिलं की दुप्पट झालं. कागद आता त्यांच्याच अक्षरात असतो. मागच्या पावसाळ्यातला असा होता:

वय १० वर्षं ४ महिने. वजन २९ किलो, रविवारी केलं.
औषध: कोरड्या खोकल्याचं, ५ मिलीत १० मिग्रॅ. डॉक्टरांना विचारून.
माप: सिरिंजनं ५ मिली, फक्त रात्री झोपताना. तीन रात्री, मग बंद.
बुधवार रात्री ९.१० दिलं, आजी.
गुरुवार रात्री ९.०० दिलं, आई.
शुक्रवार: खोकला कमी, मध दिला, औषध दिलं नाही.
आजोबांची बाटली कपाटात, वरच्या कप्प्यात, कुलूप लावलं.